दरपत्रक

२०२३ च्या नोव्हेंबरात सेनगाव तालुक्यातल्या गोरेगावच्या दहा शेतकऱ्यांनी मुख्यमंत्र्यांच्या नावे एक निवेदन लिहिले. हिंगोली जिल्ह्यात निवेदनांना तोटा नाही. रस्त्याचे, डीपीचे, पीकविम्याचे, अनुदानाचे, रोज कुठल्या ना कुठल्या कचेरीत एखादे जाते, त्यावर आवकचा शिक्का बसतो आणि माणूस पोच खिशात घालून गावी परततो. या निवेदनात मात्र विक्रीला काढलेला माल होता. पीक हातचे गेले, आले त्याला भाव नाही, बँकेचे कर्ज फिटत नाही, तेव्हा आमचे अवयव विकत घ्या आणि कर्ज वळते करून घ्या, असा त्याचा मथितार्थ. सोबत दर दिले होते. किडनी ७५ हजार. यकृत ९० हजार. डोळे २५ हजार.

दोन-चार दिवस वाहिन्यांवर बातमी चालली. काही जण मुंबईपर्यंत पोचले, तिथे पोलिसांनी त्यांना ताब्यात घेतले. मग दुसऱ्या बातम्या आल्या.

माझ्या डोक्यातून ते दर काही गेले नाहीत. आमच्याकडे शेतकरी आपल्या मालाचा भाव स्वतः कधी ठरवत नाही. मोंढ्यात पोते उतरले की आडत्या मूठभर सोयाबीन तळहातावर घेतो, बोटाने माती-काडी बाजूला सारतो, दोन दाणे दाताखाली धरून ओल बघतो आणि भाव सांगतो. ज्याचा माल, तो शेजारी उभा राहून ऐकतो. हमाली, तोलाई वजा होऊन हातात पट्टी येते. हमीभाव दिल्ली ठरवते, बाजारभाव मोंढा ठरवतो, पिकाची आणेवारी महसूल खाते ठरवते. गोरेगावच्या त्या माणसांनी ज्या मालाचा भाव स्वतःच्या हाताने लिहिला, तो माल त्यांच्या कातडीच्या आत होता.

अवयव प्रत्यारोपणाचे तंत्र, त्याभोवतीचा कायदा आणि त्यामागची सत्ता या विषयावरच्या पुस्तकाला प्रस्तावना लिहायची, तर सुरुवात मुंबईच्या केईएम रुग्णालयापासून करावी, वेल्लोरपासून करावी, निदान संभाजीनगरपासून तरी करावी. गोरेगावात प्रत्यारोपण होत नाही. पण तंत्रज्ञान कुठवर पोचले हे त्याचे यंत्र कुठे बसवले यावरून मोजायचे नसते, एवढे मला त्या निवेदनाने शिकवले. शस्त्रक्रियागृह शेकडो किलोमीटर दूर असताना किडनीला किंमत असते ही गोष्ट मात्र गावच्या पारावर पोचली होती. त्या ज्ञानाचा प्रवास हाच या पुस्तकाचा विषय आहे.

इतिहास थोडक्यात सांगतो, पुढच्या प्रकरणांत तो तपशिलाने आला आहे. २३ डिसेंबर १९५४ रोजी बोस्टनमध्ये जोसेफ मरे यांनी एका भावाची किडनी दुसऱ्याला बसवली. भाऊ एकसारखे जुळे होते म्हणून जमले. परक्याचे मांस शरीर ओळखते आणि बाहेर काढायला धावते. जुळ्याला ते परके मानत नाही. पुढे नॉर्वेच्या एका पठारावरच्या मातीत सापडलेल्या बुरशीतून सायक्लोस्पोरिन नावाचे औषध निघाले आणि १९८० च्या दशकात ते वापरात आले. शरीराचा हा राखणदार त्याने गुंगवला. प्रत्यारोपण सोपे झाले, हजारोंचे प्राण वाचले, यात शंका नाही. पण त्याच औषधाने आणखी एक गोष्ट केली, तिच्याकडे वैद्यकाच्या इतिहासात पुरेसे लक्ष दिले जात नाही. तोवर किडनी मुख्यतः नात्यातच कामाची होती. परक्याची किडनी फुकट मिळाली तरी ती टिकेल याचा भरवसा नव्हता, म्हणून तिला फारसा बाजारही नव्हता. रक्तगट आणि बाकी तपासण्या जुळल्या की कुणाचीही चालते असे झाल्यावर गरीब माणसाच्या पोटात एकाएकी एक विकाऊ वस्तू निर्माण झाली. ती त्याने पेरली नव्हती, कमावली नव्हती. ती असल्याचे त्याला दलालाने सांगितले.

भारतात मुंबईच्या केईएममध्ये १९६५ साली किडनी बसवण्याचा प्रयत्न झाला, १९७१ मध्ये वेल्लोरला तो यशस्वी झाला आणि १९८० चे दशक संपेपर्यंत मुंबई आणि मद्रास ही शहरे किडनीच्या बाजारपेठा म्हणून जगात ओळखली जाऊ लागली. मद्रासच्या विल्लिवाक्कम या वस्तीला लोक किडनीवाक्कम म्हणत. टोपणनावे गावाला उगाच पडत नाहीत.

केईएमचीच आणखी एक आठवण इथे सांगायला हवी. फेब्रुवारी १९६८ मध्ये, शल्यविशारद बर्नार्ड यांनी दक्षिण आफ्रिकेत जगातले पहिले मानवी हृदय बसवल्याला तीन महिनेही झाले नव्हते, तेव्हा डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी परळला मानवी हृदयाचे प्रत्यारोपण केले. रुग्ण काही तासच जगला. सेन यांच्या हाती तंत्र होते, पाठीशी कायदा नव्हता. मेंदू मेला आणि हृदय चालू आहे, अशा माणसाला मृत म्हणायचे की जिवंत, याचे उत्तर आपल्या कायद्यात नव्हते. ते यायला सव्वीस वर्षे लागली. ८ जुलै १९९४ ला मानवी अवयव प्रत्यारोपण कायद्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली आणि ३ ऑगस्टला दिल्लीच्या एम्समध्ये डॉ. वेणुगोपाळ यांनी यशस्वी हृदय प्रत्यारोपण केले. चार आठवडेही मध्ये गेले नाहीत. कायदा तंत्राच्या मागे फरपटतो असे म्हणायची पद्धत आहे. इथे तंत्र दाराशी उभे राहून कायद्याची वाट बघत होते.

आणि हा कायदा एका अर्थाने आपला आहे. सार्वजनिक आरोग्य हा राज्यांचा विषय असल्याने संसदेला त्यावर आपणहून कायदा करता येत नव्हता. घटनेच्या २५२ व्या कलमाप्रमाणे काही राज्यांनी ठराव करून तसे सांगावे लागले. गोवा, हिमाचल प्रदेश आणि महाराष्ट्र ही तीन राज्ये पुढे आली. कायद्याच्या पहिल्याच कलमात महाराष्ट्राचे नाव आहे. म्हणून तो कसा चालतो, हे विचारायचा आपला हक्क इतरांपेक्षा काकणभर जास्तच.

हा कायदा दोन पायांवर उभा आहे. मेंदूमृत्यू हा मृत्यू मानायचा, हा पहिला पाय. चार डॉक्टर, दोन तपासण्या, मध्ये किमान सहा तास, मग नातेवाइकांची संमती. दुसरा पाय जिवंत दात्याचा. तिथे कायद्याने एकच भावना वैध मानली आहे, ती म्हणजे प्रेम. पती, पत्नी, आईवडील, मुले, भाऊ, बहीण आणि २०११ च्या दुरुस्तीनंतर आजीआजोबा व नातवंडे, यांचे प्रेम गृहीत धरले जाते. नात्याबाहेरच्या दात्याला प्रेम, आपुलकी किंवा तसेच काही विशेष कारण प्राधिकार समितीपुढे पटवून द्यावे लागते.

प्रेमाची ही छाननी मी एकदा जवळून पाहिली आहे. चुलतभावाच्या दोन्ही किडन्या गेल्या, आठवड्यातून दोनदा डायलिसिस सुरू झाले आणि वहिनीची किडनी जुळली. रुग्णालयाच्या समितीपुढे नाते सिद्ध करायला जायच्या दिवशी वहिनीने लग्नाचा अल्बम कापडी पिशवीत घालून आणला होता. आधार, रेशनकार्ड, विवाहाचा दाखला, मुलांचे जन्मदाखले, सगळ्यांच्या साक्षांकित प्रती. तरी अल्बम हवा, असे कुणीतरी सांगितले होते. पंचवीस वर्षांपूर्वीचे फोटो, कडा पिवळ्या पडलेल्या, अंतरपाट धरलेले मामा, फेटा घसरलेला नवरदेव. समितीतल्या एका डॉक्टरीणबाईंनी ते निगुतीने चाळले. नवरदेव हाच का, म्हणून भावाकडे पाहिले. डायलिसिसने भाऊ काळवंडला होता, फोटोतल्याशी मेळ बसेना. मग वहिनीला एकटीला आत घेतले. दाता स्त्री असेल तर जास्त खबरदारी घ्यावी, तिची ओळख आणि तिची स्वतंत्र संमती रुग्णाखेरीज दुसऱ्या कुणाकडून पडताळावी, असा २०१४ च्या नियमांत खास नियम आहे. मुलाखतीचे चित्रीकरणही होते. तिला विचारले, तुमच्यावर कुणाचा दबाव आहे का? बाहेर आल्यावर तिनेच आम्हाला सांगितले, "म्या म्हणलं, दबाव कशाचा हो मॅडम? ते गेल्यावर घर कोण चालवावं?"

अर्ज मंजूर झाला. होणारच होता. वहिनीचे उत्तर खरे होते आणि दबाव म्हणतात तो नेमका त्या उत्तरातच होता, पण त्याला नमुन्यात रकाना नाही. राष्ट्रीय पातळीवरची नोंद अशी की १९९५ ते २०२१ या काळात देशात ३६,६४० प्रत्यारोपणे झाली. त्यांतली २९,६९५ पुरुषांवर आणि ६,९४५ स्त्रियांवर. जिवंत दात्यांत मात्र स्त्रियाच बहुसंख्य. अवयव आपल्या समाजात कुठून कुठे वाहतात, याचा नकाशा काढायला याहून जास्त काही लागू नये. या पुस्तकात स्त्री दात्यांवर स्वतंत्र प्रकरण आहे. वाचकाने तेच आधी वाचले तरी माझी हरकत नाही.

आता विक्रीकडे येतो. कायद्याचे १९ वे कलम अवयवाचा व्यापार गुन्हा ठरवते. २०११ च्या दुरुस्तीने शिक्षा पाच ते दहा वर्षे कैद आणि वीस लाखांपासून एक कोटीपर्यंत दंड अशी वाढवली. गोरेगावची बातमी वाचल्यावर मी हे कलम काढून पुन्हा एकदा ओळीओळीने वाचले. पैसे देणारा गुन्हेगार, घेणारा गुन्हेगार, दलाल गुन्हेगार, जाहिरात करणारा गुन्हेगार. आणि मोबदला घेऊन अवयव पुरवण्याची नुसती तयारी दाखवणारादेखील गुन्हेगार. अक्षरशः लावायचे म्हटले तर ते निवेदन म्हणजे दहा जणांनी सही करून सरकारच्या हाती दिलेला कबुलीजबाब होता. पंचाहत्तर हजारांसाठी किमान वीस लाख दंड. ज्याच्याकडे बँकेचा हप्ता नाही, त्याला हा दंड कायदा कुठल्या हिशेबाने सांगतो, हे मला उमगलेले नाही. हे कलम लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर दलाल आणि रुग्णालये होती, हे मान्य. पण कलमाला डोळे नसतात.

निवेदन लिहिणाऱ्यांना खरोखरच किडनी विकायची होती, असे मी मानत नाही. सरकार किडनी विकत घेत नाही, हे गोरेगावच्या पोरालाही कळते. शेतमालाची भाषा ऐकून घ्यायला कुणी तयार नव्हते म्हणून त्यांनी शरीराची भाषा वापरली. तरीही ही भाषा त्यांना सुचली, हे महत्त्वाचे. त्यांच्या आज्यांना ती सुचली नसती. १८७५ साली पुणे-नगरकडच्या शेतकऱ्यांनी सुप्यापासून सुरुवात करून सावकारांची खतपत्रे जाळली, कारण सावकाराची ताकद कागदात होती. (मराठवाडा तेव्हा निजामाकडे. दंग्यानंतर इंग्रजांनी १८७९ साली केलेला दक्षिणी शेतकऱ्यांचा कायदा आमच्याकडे लागूच नव्हता. आमच्या सावकारीचा इतिहास निराळा आहे आणि तो अजून कुणी धड लिहिलेला नाही.) आजचे कर्ज जाळता येत नाही. ते सिबिलमध्ये असते. तीन आकडी गुण कुठल्याशा संगणकात पडतात आणि गावातला माणूस बँकेच्या काउंटरवर ऐकतो, तुमचं सिबिल खराब आहे. ज्यांना इंग्रजीचे अक्षर येत नाही अशा बायाबापड्यांच्या तोंडी हा शब्द आता डीपी आणि डीएपीइतकाच रुळला आहे. बँकेने दार लावले की सावकार दार उघडतो, आणि सावकाराच्या ओळखी लांबवर असतात.

त्या किती लांबवर असतात हे २०१५ च्या डिसेंबरात अकोल्यात उघड झाले. व्याजाने पैसे देणाराच कर्जदाराला किडनीची वाट दाखवत होता आणि ती वाट श्रीलंकेपर्यंत जात होती. २०२२ मध्ये कोल्हापूरच्या एका बाईने तक्रार केली, की पंधरा लाख देतो म्हणून तिला पुण्यातल्या एका रुग्णालयात रुग्णाची पत्नी म्हणून उभे केले, किडनी काढून घेतली आणि पैसे दिले नाहीत. म्हणजे प्रेमाचा पुरावाही बनवता येतो, अल्बमसुद्धा. २०२५ च्या डिसेंबरात चंद्रपूर जिल्ह्यातल्या नागभीड तालुक्यातला एक शेतकरी पुढे आला. एक लाखाचे सावकारी कर्ज व्याजाने चौऱ्याहत्तर लाखांवर गेले आणि शेवटी कंबोडियात जाऊन आठ लाखांना किडनी विकावी लागली, असे त्याचे म्हणणे. या सगळ्याच्या आधीच राज्यात सावकारी नियंत्रणाचा २०१४ चा कायदा आला होता, अवयव कायदा कडक झाला होता, मुलाखतींचे चित्रीकरण सुरू झाले होते. कुंपण उंच झाले तशी वाट लांब झाली, एवढेच.

या वाटेच्या शेवटी काय असते, याचा सर्वांत नेटका अभ्यास चेन्नईत झाला. माधव गोयल आणि सहकाऱ्यांनी किडनी विकलेल्या ३०५ माणसांना विक्रीनंतर सरासरी सहा वर्षांनी गाठले. निष्कर्ष २००२ साली अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात आले. ९६ टक्क्यांनी किडनी कर्ज फेडायला विकली होती. सहा वर्षांनंतर तीन चतुर्थांश माणसे कर्जातच होती. कुटुंबाचे उत्पन्न सरासरी एक तृतीयांशाने घटले होते. ८६ टक्के म्हणाले, तब्येत उतरली. का उतरणार नाही? ज्याची मिळकत पन्नास-साठ किलोचे पोते पाठीवर घेण्यावर आहे, त्याच्या कुशीत टाका पडल्यावर तो पोते कसे घेणार? देणाऱ्याने नियमित रक्तदाब तपासावा, पाणी भरपूर प्यावे, जड उचलू नये, असे डॉक्टर सांगतात. शेतमजुराला हा सल्ला म्हणजे काम सोड, असेच सांगणे.

म्हणून विक्री कायदेशीर करून टाका, इराणमध्ये चालते, दलाल तरी जातील, हा युक्तिवाद मला पटत नाही. या पुस्तकात तो मांडला आहे आणि जोरकसपणे मांडला आहे; मतभेद असूनही तो वगळू नये असेच मी म्हणेन. माझी अडचण साधी आहे. ज्या दिवशी किडनी कायदेशीरपणे विकता येईल, त्या दिवशी ती तारणही ठेवता येईल. सातबाऱ्यावर बोजा चढवतात, तसा तो पोटावर चढेल. आज कर्जदार निदान म्हणू शकतो की माझ्याकडे विकायला काही उरले नाही. हे वाक्य त्याच्याकडून काढून घेऊ नये.

तंत्र थांबलेले नाही. मार्च २०२४ मध्ये बोस्टनच्याच रुग्णालयात जनुके बदललेल्या डुकराची किडनी जिवंत माणसाला बसवली गेली. तो दोनेक महिने जगला. हे साधले तर माणसाच्या किडनीचा बाजार आपोआप बसेल, असे आशावादी मंडळी म्हणतात. बसेलही. पण ती किडनी विकत घ्यावी लागणार आहे आणि आपल्या सरकारी योजनांचे आकडे बघा. महात्मा फुले योजनेत किडनी प्रत्यारोपणाची मर्यादा अडीच लाखांवरून साडेचार लाखांवर गेली, चांगलेच झाले. त्यानंतर जन्मभर घ्यायच्या गोळ्या आहेत. त्यापेक्षा मेंदूमृत्यूनंतरचे दान वाढले, तर आपल्या हयातीत फरक पडेल. त्याला बोस्टन लागत नाही. जिल्ह्याच्या ठिकाणी धड अतिदक्षता विभाग लागतो, मेंदूमृत्यू वेळेत जाहीर करणारे डॉक्टर लागतात आणि घरच्यांशी नीट बोलणारा एक समुपदेशक लागतो. हिंगोली जिल्हा १ मे १९९९ ला परभणीतून वेगळा झाला. पंचवीसहून अधिक वर्षांत या तीन गोष्टींतली किती जमली, हे जिल्ह्याबाहेरच्या वाचकानेही एकदा येऊन बघावे.

शेवटी पुन्हा त्या दरपत्रकाकडे. त्यातल्या तीन अवयवांपैकी जिवंत माणसाला पूर्ण देता येतो असा एकच आहे, किडनी. यकृताचा तुकडा देता येतो. सबंध यकृत दिले तर माणूस मरतो. डोळे तर मरणानंतरच घेतात. बातमी देणाऱ्या कुणी हे विचारले नाही, की या यादीत किडनीनंतर जे लिहिले आहे ते सबंध असे मेल्याशिवाय विकता येत नाही, हे लिहिणाऱ्यांना ठाऊक होते का. मला वाटते, असावे. विभागीय आयुक्तालयाच्या नोंदीप्रमाणे त्या वर्षी, २०२३ मध्ये, मराठवाड्यात १,०८८ शेतकऱ्यांनी आत्महत्या केल्या. चौकशी समितीने पात्र ठरवलेल्या आत्महत्येला सरकार एक लाख रुपये देते. तीस हजार रोख, सत्तर हजार ठेव. हा दर २००६ सालचा आहे. गोरेगावच्या दरपत्रकातल्या तिन्ही अवयवांची बेरीज एक लाख नव्वद हजार होते.